शून्य सावलीच्या दिवशीही सावली पडली, मग चुकलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात १५ मे रोजी दुपारी बरोबर बारा वाजता गच्चीवर एक मीटरची काठी उभी केली. त्या दिवशी सावली नाहीशी होणार असं वाचलं होतं, पण प्रत्यक्षात वीतभराच्या आतबाहेर सावली पडलेली होती. तारीख चुकली, की ही गोष्टच खरी नाही?

गोष्ट खरी आहे आणि तारीखही फारशी चुकलेली नाही. चुकलं ते घड्याळ. त्या वेळी ठाण्यात किती सावली पडायला हवी याचा हिशोब केला, तर १४ सेंटिमीटरच्या थोडी वर येते आणि ती पश्चिमेकडे पडलेली असते. तुमची सावली तशीच पडली असेल, तर प्रयोग बरोबर चालला होता, फक्त अर्धा तास आधी संपवला. तसेच उन्हात उभे राहिला असता, तर १२ वाजून ३४-३५ मिनिटांनी ती सावली आखडत काठीच्या बुडाशी आलेली दिसली असती.

दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. पण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. ही रेषा प्रयागराजजवळून जाते. ठाणे ७३ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या साडेनऊ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, त्यामुळे ठाण्याच्या मध्यान्हाला सूर्य सुमारे ३८ मिनिटं उशिरा पोचतो. त्यातून मे महिन्याच्या मध्याला साडेतीन-पावणेचार मिनिटं वजा होतात, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे होत राहतो. हा फरक लहान समजू नका. मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास होतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३ मिनिटांनी. तेच शहर, तेच घड्याळ आणि फरक अर्ध्या तासाचा.

आपल्या गावचा मध्यान्ह काढायचा सर्वांत सोपा मार्ग पंचांगात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतो. त्या दिवसाच्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ घ्या, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. मुंबईत मेच्या मध्याला सूर्योदय ६:०५ आणि सूर्यास्त १९:०६ धरला, तर मध्य येतो १२:३५. एक खबरदारी: दिनदर्शिकेतली वेळ कोणत्या शहराची आहे ते आधी बघा. मुंबईची वेळ घेऊन नागपुरात प्रयोग केला, तर २५ मिनिटांचा घोळ होतो.

आता तारखेकडे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. सूर्य ज्या अक्षांशावर डोक्यावर असतो, तो अक्षांश म्हणजे त्या दिवशीची सूर्याची क्रांती. ती डिसेंबरअखेरीच्या उणे २३.४ अंशांपासून जूनमधल्या अधिक २३.४ अंशांपर्यंत जाते आणि परत येते. तिचा आकडा तुमच्या अक्षांशाशी जुळला, की तो तुमचा शून्य सावलीचा दिवस. जाताना एकदा जुळतो, परतताना दुसऱ्यांदा. महाराष्ट्र आणि गोवा हा सगळा पट्टा साधारण १५ ते २२ अंशांत, म्हणजे पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथे एकही गाव यातून सुटत नाही.

मे महिन्यात सूर्याच्या या वाटचालीकडे नकाशा समोर ठेवून पाहण्यात मोठी मजा आहे. महिन्याच्या पहिल्या दिवसांत तो गोव्याच्या दक्षिण टोकावर असतो. पणजीत ३ मेच्या सुमारास, दुपारी १२:३२ ला. बेळगावात त्याच्या दुसऱ्या दिवशी. कोल्हापुरात ६-७ मे, १२:३०. रत्नागिरीत ८ मे, १२:३३. सोलापुरात १०-११ मे, आणि सोलापूर पूर्वेला असल्यामुळे वेळ १२:२३. पुण्यात १३-१४ मे, १२:३१. मुंबईत १५-१६ मे, १२:३५. नांदेडला १६-१७ मे, १२:१७. छत्रपती संभाजीनगरला १९-२० मे, १२:२५. नाशिकला २० मे, १२:३१. धुळे आणि अमरावतीला २५ मेच्या आसपास, आणि नागपूरला २६-२७ मे, १२:११. जून उजाडेपर्यंत सूर्य सातपुडा ओलांडून गेलेला असतो. लीप वर्षाच्या चक्रामुळे या तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात, म्हणून दोन वर्तमानपत्रांत एकाच शहरासाठी दोन तारखा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये.

कोल्हापूर ते पुणे या टप्प्यात तो रोज साधारण २८-३० किलोमीटर उत्तरेला सरकतो, मुंबईच्या आसपास २६, आणि नागपूरला पोचेपर्यंत १९ वर येतो, कारण कर्कवृत्ताजवळ त्याची चाल मंदावत जाते. मुंबई शहर दक्षिणोत्तर इतकं लांब आहे की कुलाबा आणि दहिसर यांच्यात एका दिवसाहून जास्त फरक पडतो. ठाण्याचा अक्षांश १९.२, म्हणून ठाण्याची खरी तारीख १६-१७ मे.

मग १५ मे ही चूकच झाली ना? इथे आकडे बोलू द्यात. मेच्या मध्याला क्रांती दिवसाला सुमारे ०.२४ अंश बदलते. एक मीटर काठीच्या सावलीत त्याचा परिणाम ४ मिलिमीटर. आता घड्याळ घ्या: मध्यान्हाच्या आसपास सूर्य पूर्व-पश्चिम दिशेत दर मिनिटाला साधारण तेवढंच, ०.२४ अंश सरकतो. त्याचाही परिणाम ४ मिलिमीटर. म्हणजे मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर घड्याळातलं एक मिनिट आणि पंचांगातला एक दिवस यांची किंमत जवळपास सारखी. तुमच्या प्रयोगात दीड दिवसाच्या तारखेच्या फरकाने ६ मिलिमीटर सावली आली असेल आणि चौतीस-पस्तीस मिनिटांच्या फरकाने १४ सेंटिमीटर. लोक तारखेवरून वाद घालतात आणि वेळेकडे दुर्लक्ष करतात, पण हा एवढा हिशोब लक्षात घेतला तर उलट करायला हवं हे पटेल. १६ मेला ढग आले आणि १७ मेला ऊन पडलं, तर १७ लाच प्रयोग करा, काही बिघडत नाही. पण १२:३४ चा प्रयोग १२:४५ ला केलात, तर साडेचार सेंटिमीटर सावली दिसणारच.

घड्याळानंतरची दुसरी मोठी चूक काठीच्या उभेपणात असते, आणि ती पकडणं अवघड. काठी एक अंशाने कलली, तर एक मीटरला साडेसतरा मिलिमीटर सावली जास्त पडते. म्हणजे चार दिवसांची चूक एकट्या कलण्यातून आली. एक अंश कलणं नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यात गच्चीचा सापळा आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो, बहुधा शंभराला एक किंवा त्याहून जास्त. बरेच जण काठी किंवा पाइप गुण्या लावून फरशीला काटकोनात उभा करतात. फरशीच कललेली, तर काठीही तितकीच कलते, आणि शंभराला एक उतार म्हणजे एक मीटरला एक सेंटिमीटर सावली. फरशीवर नुसती ठेवलेली सरळ बाटली किंवा डबा यांचंही तेच. जमिनीशी काटकोन आणि उभा लंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला लंब हवा, म्हणून गवंड्याचा ओळंबा हवा.

खरं तर काठीऐवजी ओळंबाच वापरावा. दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा दोन स्टुलांवर आडवी पट्टी ठेवा, तिच्या मध्यातून साधारण एक मीटर दोऱ्यावर ओळंबा सोडा, आणि खाली पांढरा कागद असा ठेवा की ओळंब्याचं टोक कागदापासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील. दोऱ्यात वरच्या बाजूला एक मणी किंवा ठळक गाठ बांधा. सगळं लक्ष त्या मण्याच्या सावलीवर ठेवायचं. सकाळपासून ती पश्चिमेकडून सरकत येते आणि मध्यान्हाला ओळंब्याच्या टोकाखाली पोचते. दोरा आपोआप लंब असतो, त्यामुळे उभेपणाची चूक उरतच नाही. आडवी पट्टी मात्र अरुंद घ्या, नाहीतर तिचीच सावली मण्यावर पडून सगळं झाकून टाकेल. पट्टी दक्षिणोत्तर ठेवली तर तिची सावली मध्यान्हाच्या आसपासच तेवढी आड येते. गच्चीवर वारा असतो आणि ओळंबा झुलत राहतो. त्यावर उपाय म्हणजे वजन पाण्याच्या किंवा तेलाच्या वाटीत बुडवणं. झुलणं थांबतं, पण मग कागद वाटीच्या भोवती मांडावा लागतो.

काठीच वापरायची असेल, तर ती बादलीतल्या वाळूत रोवा आणि दोन बाजूंनी, एकमेकांना काटकोनात, ओळंब्याशी ताडून पाहा. पाणसळ असेल तर तीही चालते, पण ती काठीला लावून पाहिल्यावर उलटी करून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा बुडबुडा मधोमध आला तरच ती विश्वासाची. मोबाइलमधल्या पाणसळीलाही हीच कसोटी लावावी.

मुलांना दाखवायला सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे नळ. अर्धा-पाऊण मीटर लांबीचा, दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइप लंब धरला, तर मध्यान्हाला त्याच्या आतल्या तळावर उजेडाची पूर्ण गोल चकती पडते आणि बाहेर भिंतीइतक्याच जाडीची काळी कडी दिसते. दहा मिनिटं आधी त्याच चकतीतून चंद्रकोरीसारखा तुकडा कापलेला असतो. खिडकीच्या जाळीचे किंवा कुंपणाचे उभे गजही छान दिसतात: आडव्या पट्ट्यांची सावली जमिनीवर असते आणि उभ्या गजांची गायब. माणसाची सावली मात्र गायब होत नाही. खांदे पायांपेक्षा रुंद आहेत, त्यामुळे पायाभोवती काळा डबका राहतोच. तोंडाशी रुंद असलेला तांब्या, छत्री किंवा झाड यांचंही तसंच. बुडापासून वरपर्यंत एकाच जाडीची, किंवा वर निमुळती होत गेलेली वस्तू घ्या. शाळेच्या झेंड्याचा खांब हा मोह टाळलेला बरा. दहा मीटर उंचीवर प्रत्येक चूक दहापट दिसते आणि खांब क्वचितच ओळंब्यात असतो.

इतकं सगळं नीट केलं तरी ‘या सेकंदाला सावली शून्य झाली’ असं म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण सूर्यच आहे. सूर्य ठिपका नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाहून थोडा मोठा दिसतो. त्यामुळे प्रत्येक सावलीच्या कडेला विरळ पट्टा असतो आणि त्याची रुंदी एक मीटर उंचीमागे ९ मिलिमीटर येते. म्हणजे मध्यान्हाच्या एक मिनिट आधी आणि एक मिनिट नंतर जो फरक पडतो, तो या धूसर कडेतच विरून जातो. डोळ्यांना सावली तीन-चार मिनिटं ‘नाहीशी’ वाटते. उलटी मोजणी करत ‘पाच, चार, तीन...’ म्हणण्यापेक्षा दर दोन मिनिटांनी कागदावर खूण करत राहणं जास्त फायद्याचं. त्या खुणांची रेघ त्या दिवशी जवळजवळ सरळ, पूर्व-पश्चिम येते आणि काठीच्या बुडातून जाते. दिशा सापडण्याचा तो बोनस.

नेमकं मोजायचंच असेल, तर सावली सोडा आणि उजेडाचा ठिपका धरा. एक मीटर उंचीवर पुठ्ठा आडवा बसवा, त्याला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. खाली सूर्याची गोल प्रतिमा पडते, भोकाच्या आकारामुळे थोडी फुगलेली, साधारण बारा मिलिमीटरची. तिची कड धूसर असली तरी मध्य मिलिमीटरभराच्या चुकीने काढता येतो. भोकातून ओळंबा सोडून त्याच्या टोकाखालची जागा आधी खुणावून ठेवायची, मग दोरा काढायचा. भोकातून वर सूर्याकडे मात्र पाहायचं नाही. आणि पुठ्ठा मोठा घ्या, म्हणजे खालची जागा अंधारी राहून प्रतिमा उठून दिसते.

अशा मापाचा खरा उपयोग दोन गावांनी मिळून केला तर होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं होतं: सायीनमध्ये सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला होता, त्यावरून पृथ्वीचा परीघ. महाराष्ट्रात यासाठी कोल्हापूर आणि धुळे ही जोडी फार सोयीची आहे, कारण दोन्ही जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. कोल्हापूरच्या शून्य सावलीच्या दिवशी धुळ्यात १२:२७-२८ ला एक मीटर काठीची सावली ७.३ सेंटिमीटर पडायला हवी. ७.३ भागिले १०० म्हणजे ४.२ अंशांची स्पर्शज्या (टॅन). नकाशावर दोन्हींतलं सरळ अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. ३६० भागिले ४.२ गुणिले ४६५ केलं, की उत्तर चाळीस हजारांच्या अगदी जवळ येतं, आणि ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघही ४०,००८ किलोमीटरच आहे. सावलीत पाच मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर अडीच-तीन हजारांनी इकडेतिकडे जातं. शाळेच्या प्रयोगाला ते शोभणारं आहे.

या प्रयोगात नेहमी होणारी चूक अंतराची असते. कोल्हापूरबरोबर नागपूरची जोडी केली, तर सरळ अंतर साधारण ७१० किलोमीटर आहे, पण त्यातलं दक्षिणोत्तर अंतर ४९५ च्या आसपास. बाकीचं पूर्व-पश्चिम. हिशोबात ७१० घातले, तर पृथ्वी ५७ हजार किलोमीटर परिघाची होऊन बसते. रस्त्याचं अंतर घातलं तर त्याहून फुगते. दुसरं म्हणजे दोन्ही गावांनी एकाच क्षणी मोजायचं नसतं. प्रत्येकाने आपापल्या मध्यान्हाला मोजायचं, म्हणजे कोल्हापूरने १२:३० ला आणि नागपूरने १२:१० ला.

मराठी माणसं महाराष्ट्राबाहेर जिथे आहेत, तिथूनही विचारणा होते, म्हणून तेही सांगतो. बडोदा आणि इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, तिथे जूनच्या पहिल्या दहा दिवसांत हा योग येतो. तंजावरला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. ग्वाल्हेर आणि दिल्लीला कधीच नाही, तिथे २१ जूनलाही मध्यान्हाची सावली थोडी उत्तरेला पडते. लंडन किंवा न्यू जर्सीत तर प्रश्नच नाही. सिंगापूर मात्र या पट्ट्यात बसतं, मस्कत थोडक्यात हुकतं. उज्जैनची गंमत वेगळी आहे. ते कर्कवृत्ताला इतकं लागून आहे आणि जूनमध्ये सूर्याची चाल इतकी मंद असते, की तिथे जवळपास साडेतीन आठवडे मीटरभर काठीची मध्यान्ह सावली पाच मिलिमीटरच्या आतच राहते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या तिथल्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. सावली मोजण्यासाठीच ते आहे आणि जूनमध्ये ते पाहायला जाणं फार सार्थकी लागतं.

या दिवसाला जोडल्या जाणाऱ्या भीतीबद्दल एकच वाक्य: सूर्याचे किरण त्या दिवशी वेगळे नसतात, आदल्या आणि नंतरच्या दिवशीही ते पाव अंशाच्या फरकाने तसेच पडतात, त्यामुळे अन्न, गर्भवती किंवा लहान मुलं यांच्यावर याचा म्हणून काही परिणाम होण्याचं कारण नाही. मे महिन्याच्या भर दुपारच्या उन्हाचा परिणाम मात्र नक्की होतो. नागपुरात तर मुलांना १२ वाजता वर बोलवा, सव्वाबाराला खाली पाठवा, डोक्यावर टोपी आणि हातात पाणी असू द्या.

मेमधली संधी हुकली, तर दुसरी पावसाळ्यात येते: नागपूरला १७ जुलैच्या सुमारास, मुंबईला २७-२८ जुलै, पुण्याला २९-३० जुलै, कोल्हापूरला ५-६ ऑगस्ट, पणजीला १० ऑगस्टच्या आसपास. तेव्हा घड्याळाचा फरक उलट्या बाजूला गेलेला असतो, त्यामुळे मध्यान्ह मेपेक्षा दहा मिनिटं उशिरा, मुंबईत १२:४५ ला. सूर्य दिसण्याची आशा कमीच, पण सोलापूर, सांगली, नगरच्या पर्जन्यछायेच्या भागात एखादी उघडीप मिळून जाते.

या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्याकडे मध्यान्हाचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला मुंबईत एक मीटर काठीची सावली दक्षिणेला सुमारे पावणेआठ सेंटिमीटर, २१-२२ डिसेंबरला उत्तरेला ९१ सेंटिमीटर. आणि २०-२१ मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरला, दिवस-रात्र समान असताना, मध्यान्हाची सावली थेट तुमचा अक्षांश सांगते. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, त्या दिवशीची सावली म्हणजे पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळं, उज्जैनची पाचाहून थोडी जास्त. ठाण्यात मीटरभर काठीला त्या दिवशी ३५ सेंटिमीटरच्या किंचित आत सावली मिळायला हवी. आकाश बहुधा स्वच्छ असतं, ऊन सोसवतं, आणि मे महिन्यासाठी ओळंबा, पट्टी व मध्यान्हाची वेळ हे सगळं त्या निमित्ताने तपासून ठेवता येतं.